डोपिंगची नोटीस आणि तालमीतलं पोरगं

कोल्हापुरात फौजदारी वकिली करणाऱ्याच्या कपाटात कसल्या फायली असतात, हे इथं कुणाला वेगळं सांगायला नको. बांधावरून झालेली मारामारी, न वटलेला चेक, जत्रेतली दगडफेक, पोटगी. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे या सगळ्यांहून वेगळी एक फाईल येऊ लागली आहे. तिच्यात एफआयआर नसतो, पंचनामा नसतो, फिर्यादी म्हणून कुणी माणूस नसतो. एक इंग्रजी ई-मेल असतो आणि त्याला जोडलेला प्रयोगशाळेचा अहवाल. ज्याच्या नावे तो आलेला असतो तो पोरगा बहुतेक वेळा विशीच्या आसपासचा, मान खाली घालून बसलेला. तुमच्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं आहे, आजपासून तुम्हाला कुठल्याही स्पर्धेत उतरता येणार नाही, तुमचं म्हणणं मुदतीत मांडा, असा त्या पत्राचा मथितार्थ.

पहिली फाईल घेऊन आले ते एका तालमीचे वस्ताद. वय साठीच्या पुढचं, कान मोडलेले, अंगात पांढरा सदरा. खुर्चीवर न बसता त्यांनी आधी त्या पोराला बसवलं.

"वकीलसाहेब, ह्या कागदात काय लिवलंय तेवढं सांगा. पोरगं कालधरनं जेवलेलं न्हाई."

पोरगा शाहूवाडीच्या डोंगराकडचा. ओळख कळू नये म्हणून त्याचे एकदोन तपशील मी बदलले आहेत. घरी दोन म्हशी, थोडी जिरायत जमीन, थोरला भाऊ पुण्यात कंपनीत. त्या भावाच्या पगारातून दर महिन्याला याच्या खुराकाचे पैसे यायचे. पहाटे उठून जोर-बैठका, मग हौद्यात उतरायचं, दुपारी झोप, संध्याकाळी मॅट. गावोगावच्या जत्रांच्या मैदानात इनामाच्या कुस्त्या करत तो वर आला होता आणि कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. तिथंच नमुना घेतला गेला. पत्र ज्या ई-मेलवर आलं तो पत्ता स्पर्धेचा फॉर्म भरताना एका मित्रानं काढून दिलेला. पोरगा तो कधी उघडून बघत नसे. त्यामुळे पत्र येऊन आठवडा उलटल्यावर ते माझ्या टेबलावर आलं.

मी त्याला विचारलं, काय काय घेत होतास? त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं: दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, आठवड्यातनं मटण. पावडर? हो, दुकानातली, डबा संपला की टाकून देतो. इंजेक्शन? त्यावर त्यानं वस्तादांकडे बघितलं. वस्ताद म्हणाले, "सांग की. वकिलापाशी लपवून काय मिळणार?" मग कळलं. खांदा दुखावला होता, सुटीला गावाकडं गेला तेव्हा बाजारपेठेतल्या एका डॉक्टरनं सुया टोचल्या होत्या. "ताकदीचं हाय, हाडाला बरं पडंल म्हनले." अहवालात सापडलेलं द्रव्य होतं नॅन्ड्रोलोन, एक स्टेरॉइड.

माझी सगळी वकिली ज्या तत्त्वावर उभी आहे ते मी त्याला सांगू शकलो नाही, कारण ते इथं लागू नव्हतं. आपल्या फौजदारी न्यायालयात आरोप सिद्ध करण्याचं ओझं सरकार पक्षावर असतं आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. डोपिंगच्या प्रकरणात खेळाडूच्या शरीरात द्रव्य सापडलं की नियमभंग तिथंच पूर्ण होतो. ते कसं गेलं, कुणी दिलं, माहीत होतं का, हे प्रश्न नंतरचे. ते फक्त शिक्षा किती यासाठी विचारले जातात, आणि स्टेरॉइडसारख्या द्रव्यांच्या बाबतीत त्यांची उत्तरं पुराव्यानिशी खेळाडूनंच द्यायची असतात. 'मी जाणूनबुजून घेतलं नाही' हे त्यानं सिद्ध केलं तर शिक्षा कमी होऊ शकते. नाही केलं तर चार वर्षं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था म्हणजे वाडा, तिची ही संहिता जगभर एकच आहे. आपल्याकडची राष्ट्रीय संस्था, नाडा, तिच्याच चौकटीत चालते.

या नियमाचा राग यावा असा तो आहे, पण मी त्याच्या विरोधात नाही. ज्या पोरानं काहीही न घेता तीच मेहनत केली आणि उपांत्य फेरीत पाठ लावून घेतली, त्याचाही कुणी वकील असायला हवा. तो वकील म्हणजे हा कडक नियम. 'मला माहीत नव्हतं' एवढ्यावर सुटका होऊ लागली तर पकडला गेलेला प्रत्येक जण तेच म्हणेल आणि ते खोटं आहे हे कुणालाच दाखवता येणार नाही. लपून घेतलेल्या सुईला साक्षीदार नसतो. म्हणून ओझं उलटं केलं आहे, आणि ते तसं करण्यामागचा विचार मला पटतो. माझी तक्रार पुढची आहे. ओझं खेळाडूच्या खांद्यावर टाकलंत, मग ते उचलायची ताकद त्याच्यात आहे की नाही हे कोण बघणार?

शाहूवाडीच्या पोराचं उदाहरण घ्या. इंजेक्शनची कुपी डॉक्टरच्या दवाखान्यातच कचऱ्यात गेलेली. केसपेपर नाही, पावती नाही. वस्ताद स्वतः त्या डॉक्टरकडे जाऊन आले. "मी असलं काही दिलंच नाही," म्हणून त्यानं हात वर केले. त्याला तरी का दोष कबूल करायचा होता? नोंदणी जायची भीती. मी त्याला समन्स काढू शकत नव्हतो, दवाखान्याचं रजिस्टर मागवू शकत नव्हतो. नमुन्याचा दुसरा भाग, ज्याला 'बी' नमुना म्हणतात, तो तपासून घ्यायचा हक्क खेळाडूला आहे, पण तो मागितला तर खर्चही त्याचाच. द्रव्याचं प्रमाण बघून ते कधी आणि कसं शरीरात गेलं असावं, हे सांगणारा तज्ज्ञ आणायचा तर त्याचं मानधन वेगळं.

संहितेत आणखी एक तरतूद आहे. चार वर्षांची शिक्षा होऊ घातलेल्या खेळाडूनं आरोपाची नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांत नियमभंग कबूल केला आणि शिक्षाही मान्य केली, तर एक वर्ष माफ होतं. मग सुनावणी होत नाही. मी त्या पोराच्या वडिलांना दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. लढलो आणि जमलं तर दोन वर्षं किंवा कमी, नाही जमलं तर चार. सही केली तर तीन. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले.

"लढायला पैसं किती लागतील?"

मी माझी फी घेणार नव्हतो, पण बाकीचा आकडा खोटा सांगता येत नव्हता.

"मग तीनच करा साहेब. एक वर्स तर वाचलं न्हवं?"

पोरानं सही केली. मी त्या कागदाकडे वकील म्हणून बघत होतो. पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा म्हणून चालत नाही. शिक्षेच्या सौदेबाजीची, म्हणजे प्ली बार्गेनिंगची तरतूद फौजदारी प्रक्रियेत आली, तेव्हा संसदेनं तिच्यात एक अट घातली. न्यायाधीशानं आरोपीला दुसऱ्या पक्षाच्या माघारी, बंद दाराआड विचारायचं की बाबा, हे तू स्वखुशीनं करतो आहेस ना? या पोराच्या कबुलीच्या वाटेवर असा विचारणारा कुणी बसलेला नव्हता. त्यानं कबूल केलं कारण त्याच्या बापाकडे लढायला पैसे नव्हते. नोंदीत मात्र तो जाणूनबुजून स्टेरॉइड घेणारा पैलवान म्हणून राहिला.

कोल्हापुरात डोपिंगचा विषय निघाला की नरसिंह यादवचं नाव निघतंच. २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला हा मुंबईचा मल्ल. २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत त्यानं ७४ किलो गटात ब्राँझ जिंकून भारताला रिओ ऑलिंपिकचा कोटा मिळवून दिला. त्याच गटातल्या सुशीलकुमारनं निवड चाचणी मागितली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि ६ जून २०१६ ला न्यायालयानं नरसिंहच्या बाजूनं कौल दिला. त्यानंतर २५ जून आणि ५ जुलै अशा दोन्ही दिवशी सोनिपतच्या शिबिरात घेतलेल्या नमुन्यांत मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं त्याचं म्हणणं. त्याच शिबिरातला त्याचा खोलीतला सहकारीही पॉझिटिव्ह आला होता. नाडाच्या शिस्तपालन पॅनेलनं ते म्हणणं मान्य करून १ ऑगस्टला त्याला दोषमुक्त केलं. तालमींत त्या दिवशी पेढे वाटले गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वाडानं त्या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवादाकडे, रिओत ऑलिंपिकसाठी बसलेल्या त्याच्या खास विभागाकडे अपील केलं. १८ ऑगस्टला सुनावणी झाली आणि त्याच संध्याकाळी निकाल लागला. नरसिंहची कुस्ती १९ ऑगस्टला होती. चार वर्षांची बंदी. वाडाच्या तज्ज्ञाचं मत होतं की सापडलेलं प्रमाण बघता हे द्रव्य पेयात मिसळलेल्या भुकटीतून गेल्यासारखं दिसत नाही, गोळी तोंडावाटे घेतल्यासारखं दिसतं, तेही एकापेक्षा जास्त वेळा. कट झाला असा दावा आहे, पण त्याला प्रत्यक्ष पुरावा नाही, असं लवादाचं म्हणणं.

या निकालावर मी आमच्या बार रूममध्ये खूप वाद घातले आहेत. माझं मत सांगतो. लवादासमोर जे कागद होते त्यांवरून कायद्याच्या दृष्टीनं दुसरा निकाल लागणं अवघड होतं. त्या तज्ज्ञाला खोडून काढणारा तितकाच वजनदार तज्ज्ञ समोर नव्हता. पण एका माणसाचं ऑलिंपिक ज्या सुनावणीवर अवलंबून आहे, ती सुनावणी कुस्तीच्या आदल्या दिवशी, परदेशात, काही तासांत उरकली जावी, आणि कट झाला की नाही हे शोधायचं कामही त्याच माणसानं तोवर पार पाडलेलं असावं, ही अपेक्षा कुठल्या न्यायात बसते? अन्नात काही मिसळलं गेलं का, हा फौजदारी तपासाचा विषय आहे. त्याला जाबजबाब लागतात, स्वयंपाकघराची झडती लागते, फोनच्या नोंदी लागतात. सीबीआयकडे प्रकरण गेलं ते नंतर. खेळातला न्याय तोवर आटोपलेला होता. बंदी संपल्यावर नरसिंह २०२० मध्ये पुन्हा मॅटवर उतरला आणि २०२४ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्षही निवडून आला. पण ती चार वर्षं पैलवानाच्या उमेदीची होती.

आता याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये चीनच्या २३ जलतरणपटूंच्या नमुन्यांत ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकारावरचं बंदी असलेलं औषध सापडलं. चीनच्या सुरक्षा मंत्रालयानं तपास केला आणि खेळाडू उतरले होते त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्या औषधाचे अंश सापडल्याचं सांगितलं. एकाही खेळाडूला निलंबित केलं गेलं नाही. वाडानं ते स्पष्टीकरण मान्य केलं, अपील केलं नाही. जगाला हे कळलं २०२४ च्या एप्रिलमध्ये. वाडानं नेमलेल्या स्वतंत्र चौकशीत पक्षपात झाला नाही असा निष्कर्ष निघाला, तो मी मान्य करून चालतो. द्रव्य वेगळं, प्रमाण अत्यल्प, परिस्थिती वेगळी. तरीही एक फरक उरतोच. त्या २३ जणांच्या वतीनं स्वयंपाकघर तपासायला त्यांच्या देशाची सुरक्षा यंत्रणा होती. आपल्या पैलवानाच्या वतीनं तो स्वतः होता.

पैसा असला की काय होतं, तेही बघा. इटलीचा टेनिसपटू यानिक सिनर २०२४ मध्ये क्लॉस्टेबोल या स्टेरॉइडसाठी दोनदा पॉझिटिव्ह आला. फिजिओच्या बोटाला जखम होती, त्यानं औषधाचा फवारा वापरला आणि मालिशमधून ते आपल्या अंगात गेलं, हे सिनरनं बिलासकट, तज्ज्ञांसकट मांडलं. पॅनेलनं ते मान्य केलं. वाडा अपिलात गेली आणि शेवटी २०२५ च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांच्या बंदीवर तडजोड झाली. सिनर खोटं बोलला असं मला मुळीच म्हणायचं नाही. तो खरं बोलला आणि ते खरं सिद्ध करण्याचं बळ त्याच्याजवळ होतं. शाहूवाडीचं पोरगंही कदाचित खरंच बोलत होतं.

घरचं उदाहरण पृथ्वी शॉचं. तेव्हा मुंबईकडून खेळणाऱ्या या फलंदाजाचा नमुना २२ फेब्रुवारी २०१९ ला इंदूरमध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत घेतला गेला. त्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या औषधातून गेलं, हे त्याचं म्हणणं क्रिकेट मंडळानं मान्य केलं. आठ महिन्यांची बंदी जाहीर झाली ३० जुलैला, पण लागू धरली १६ मार्चपासून, म्हणजे ती १५ नोव्हेंबरला संपली. मधल्या काळात तो आयपीएल खेळला होता. टर्ब्युटालिन हे स्टेरॉइडइतकं गंभीर धरलं जात नाही आणि खोकल्याच्या औषधासाठी एकोणीस वर्षांच्या पोराची चार वर्षं खावीत असं कोण म्हणेल? शिक्षा योग्यच होती असं मी म्हणतो. पण तेव्हा क्रिकेट मंडळ नाडाच्या कक्षेत नव्हतं, चाचणी त्यांची, चौकशी त्यांची, निवाडाही त्यांचाच. ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळानं नाडाची कक्षा स्वीकारली. जी समजूतदार नजर शॉच्या वाट्याला आली ती कुरुंदवाडच्या वेटलिफ्टरच्या आणि गंगावेशीतल्या पैलवानाच्या वाट्याला येते का, एवढाच माझा प्रश्न.

येते, कधी कधी येते. तेही सांगितलं पाहिजे. माझ्याकडे शिरोळ तालुक्यातली एक मुलगी आली होती, वजन उचलणारी, पंधरा वर्षांची. वजनगटात बसायला म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणीतरी तिला 'पाणी कमी करायची गोळी' दिली होती. ती निघाली फुरोसेमाइड, बंदी असलेलं औषध. आई सोबत आली होती, अंगणवाडीत मदतनीस. तिला वाटत होतं की पोलीस घरी येतील. मी संहिता उघडून बसलो. सोळा वर्षांखालच्या खेळाडूला संहिता 'संरक्षित व्यक्ती' मानते. द्रव्य शरीरात कसं गेलं हे अशा खेळाडूला सिद्ध करावं लागत नाही, आपली मोठी चूक नव्हती एवढं दाखवलं तर शिक्षा नुसत्या ताकिदीपासून जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत, आणि नाव जाहीर करण्याचीही सक्ती नाही. व्हिडिओवर सुनावणी झाली. पॅनेलनं तिला शांतपणे विचारलं, तिला रडू आलं तेव्हा थांबलं. काही महिन्यांची बंदी लागली. ती आज पुन्हा वजन उचलते. नियमात दया आहे. ती कुठल्या कलमात आहे हे सांगणारा माणूस वेळेत भेटला पाहिजे.

अशी पोरं एकदोन नाहीत. वाडाच्या आकडेवारीत २०२३ साली भारतातल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले, २०२४ साली ७,११३ पैकी २६०. अल्पवयीन खेळाडूंच्या डोपिंगचा वाडानं दहा वर्षांचा अभ्यास केला, त्यात रशियाच्या खालोखाल भारताचं नाव आलं. हे आकडे वाचले की दोन गोष्टी एकदम जाणवतात. आपल्याकडे घेणारे खूप आहेत, यात शंका नाही. आणि ज्या वयात पोरगं सुईच्या कुपीवरचं नावसुद्धा वाचत नाही, त्या वयात त्याला कुणीतरी ती टोचतं आहे.

तो कुणीतरी कुठं आहे? माझ्या कामातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. पोलीस भरतीच्या दिवसांत मैदानांच्या कडेला रिकाम्या सिरिंज सापडतात. मेफेंटरमाइन हे रक्तदाब वाढवायचं इंजेक्शन, शस्त्रक्रियेच्या खोलीत वापरायचं, ते व्यायामशाळांत दम टिकावा म्हणून विकलं जातं. कोल्हापूर, सांगली, पुणे भागात त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. स्पर्धेत ते सापडलं तर खेळाडूवर चार वर्षांची टांगती तलवार. २०११ साली आपल्या रिले संघातल्या धावपटू मुली स्टेरॉइडसाठी पकडल्या गेल्या. परदेशी प्रशिक्षकानं आणलेल्या जिनसेंगमधून ते गेलं असं त्यांचं म्हणणं होतं. पॅनेलनं त्यांना एक वर्षाची बंदी दिली, आंतरराष्ट्रीय महासंघानं अपील केलं आणि ती दोन वर्षांची झाली. प्रशिक्षकाची नोकरी गेली, मुलींच्या नावावर डाग लागला. संहितेत प्रशिक्षक, डॉक्टर, मॅनेजर यांनाही शिक्षा करायची तरतूद आहे. पण सोपा पुरावा नेहमी खेळाडूच्या लघवीत असतो आणि अवघड पुरावा दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, जिमच्या मागच्या खोलीत. यंत्रणा सोप्या पुराव्यापाशी थांबते.

आमच्या मातीचा एक वेगळा प्रश्न आहे, तो दिल्लीत बसून कुणाला दिसायचा नाही. कोल्हापूरचा पैलवान दोन जगांत कुस्ती करतो. एक जग मातीचं: जत्रा, फड, इनाम, निकाली कुस्ती, वस्तादांनी लावलेली जोड. दुसरं मॅटचं: वजनगट, गुण, नोंदणी, नमुना. पहिल्या जगात डोप चाचणी जवळपास नसतेच. तिथं दुखऱ्या गुडघ्यावर कुणी काय टोचलं, कुठल्या वैद्यानं कसली पुडी दिली, कुणी विचारत नाही. ते पोरगं एके दिवशी राष्ट्रीय स्पर्धेला जातं आणि त्याच अंगानिशी दुसऱ्या जगात पाऊल टाकतं. खासबाग मैदान बांधणाऱ्या शाहू महाराजांनी पैलवानांना खुराक लावून दिला होता. आज त्या खुराकासोबत औषधाच्या नियमांची माहितीही तालमीत पोचवणं ही कुणाची तरी जबाबदारी आहे. नाडानं 'नो युअर मेडिसिन' नावाचं ॲप काढलं आहे, त्यात औषधाचं नाव टाकून तपासता येतं. मी ज्या ज्या तालमीत गेलो तिथं ते वस्तादांच्या मोबाइलवर घालून दिलं. पण कुपीवरचं नावच माहीत नसेल तर ॲप तरी काय करणार?

२०२२ साली संसदेनं राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा केला. नाडाला वैधानिक दर्जा, शिस्तपालन पॅनेल आणि अपील पॅनेल, झडती आणि जप्तीचे अधिकार यांची तरतूद त्यात झाली. सरकारी मंडळाला यंत्रणेवर देखरेखीचे अधिकार दिल्यावरून वाडानं आक्षेप घेतला, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये दुरुस्ती करून यंत्रणेची स्वायत्तता पक्की करण्यात आली. ठीक झालं. पण या सगळ्या अधिकारांची दिशा बघा. खेळाडू दोषी आहे हे शोधायला झडती घेता येते. तो निर्दोष आहे हे शोधायला झडती घ्या, असं म्हणायची सोय त्याला कुठं आहे? शाहूवाडीच्या पोराला हवी होती ती एवढीच मदत, त्या दवाखान्याचं रजिस्टर कुणीतरी अधिकारानं उघडून बघावं. पोरानं दवाखान्याचं नाव दिलं असेल तर चौकशी तिथवर नेणं हे यंत्रणेवर बंधनकारक असलं पाहिजे. त्यातून पोरगं खोटं ठरलं तर ठरू दे. खरं ठरलं तर सुई टोचणाराही हाताला लागेल.

हे बदल दिल्लीत व्हायचे तेव्हा होतील. एक गोष्ट मात्र कोल्हापुरात आजही करता येण्यासारखी आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा मोफत वकील देतो तो केवळ कोर्टातल्या खटल्यासाठी नाही. त्या कायद्यातल्या 'न्यायालय' या शब्दाच्या व्याख्येत, कायद्यानं स्थापन झालेलं आणि अर्धन्यायिक काम करणारं कुठलंही प्राधिकरण येतं. डोपिंगच्या पॅनेलना आता संसदेच्या कायद्याचा आधार आहे. माझ्या मते ती या व्याख्येत बसतात. आणि मोफत मदतीला पात्र कोण? स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, उत्पन्नमर्यादेखालचे. आपल्या तालमीतली आणि वेटलिफ्टिंगच्या हॉलमधली निम्म्याहून अधिक पोरं यात येतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी या जिल्ह्यातल्या वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ आंदोलन केलं, कारण न्यायासाठी मुंबईला जाणं गरिबाला परवडत नव्हतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून ते बेंच भाऊसिंगजी रोडवर सुरू आहे, सहा जिल्ह्यांचे पक्षकार तिथं येतात. ज्या बारनं हे करून दाखवलं, त्या बारला दहा-पंधरा वकिलांचं एक पॅनेल डोपिंगच्या प्रकरणांसाठी तयार करणं जड नाही.

म्हणून माझी दोन ठिकाणी विनंती आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं डोपिंगच्या नोटिशीला मोफत मदतीच्या प्रकरणांत धरावं. माझ्या सहकाऱ्यांनी वाडाची संहिता एकदा मुळापासून वाचावी.  आणि वस्ताद मंडळींना, आईबापांना सांगणं असं: पोराला सुई टोचून घेण्याआधी कुपीचा मोबाइलवर फोटो काढा, डॉक्टरकडून चिठ्ठी मागा, पावडरचा डबा संपला तरी झाकणासकट ठेवून द्या, बिल फाडू नका. स्पर्धेच्या फॉर्मवर जो ई-मेल दिला असेल तो आठवड्यातून दोनदा उघडून बघा. नोटीस आलीच, तर कुणी कितीही घाई केली तरी वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका. वीस दिवस असतात. ते पुरतात.